रामन यांचा मंद प्रकाश आणि चांदीचा कागद

आम्हा सरकारी डॉक्टरांच्या हातून आयुष्यात किती फिटनेस सर्टिफिकेटे लिहिली जातात, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. त्यातल्या एखाद्या शेऱ्याने कोणाचे आयुष्य कुठल्या वळणाला लागले, हेही नंतर कळत नाही. मद्रासच्या एका सिव्हिल सर्जनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिलेला असा एक शेरा मात्र इतिहासात राहिला आहे. समोर उभा असलेला मुलगा सोळा वर्षांच्या आसपासचा, अंगाने किरकोळ. पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदक मिळवून बी.ए. झालेला. त्याने पुढच्या शिक्षणासाठी विलायतेला जावे, अशी प्राध्यापकांची इच्छा होती. सर्जनसाहेबांनी तपासले आणि इंग्लंडची हवा याच्या प्रकृतीला झेपणार नाही, असे ठरवून टाकले. मुलगा मद्रासलाच राहिला. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. तो पुढे वयाच्या ८२ वर्षांपर्यंत जगला आणि ऐन डिसेंबरात स्टॉकहोमला जाऊन नोबेल पारितोषिक घेऊन आला.

रामन यांच्याविषयी दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, शाळाशाळांतून भाषणे होतात. समुद्र निळा का दिसतो, इथपर्यंत मुलांना पाठ असते. पण रामन यांनी शोधलेला प्रकाश रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला इतकी वर्षे का लागली, आणि आता तो खडबडीत चांदीचा हात धरून कसा येऊ पाहतो आहे, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. मला एक डॉक्टर म्हणून तोच भाग महत्त्वाचा वाटतो.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीचा. वडील गणित आणि पदार्थविज्ञानाचे अध्यापक. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब विशाखापट्टणमला गेले. घरात पुस्तके होती, वडिलांचे व्हायोलिन होते. अकराव्या वर्षी मॅट्रिक, १९०३ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश, १९०६ साली, म्हणजे विद्यार्थी असतानाच, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये प्रकाशावरचा पहिला निबंध. १९०७ साली एम.ए. पण त्या काळी हिंदी तरुणाला संशोधन करून पोट भरण्याची सोय देशात जवळजवळ नव्हतीच. त्यांनी वित्त खात्याची परीक्षा दिली, तिथेही पहिले आले, आणि अठराव्या वर्षी सहाय्यक अकाउंटंट जनरल होऊन कलकत्त्याला रुजू झाले. लोकसुंदरी यांच्याशी लग्न त्याच वर्षीचे.

कलकत्त्यात ट्रामने जाता-येता त्यांना बोबाजार स्ट्रीटवर एक पाटी दिसली: इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. ही संस्था एका डॉक्टराने काढलेली होती, हे आमच्या व्यवसायातल्यांनाही फारसे ठाऊक नसते. कलकत्ता मेडिकल कॉलेजचे एम.डी. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांकडून वर्गण्या गोळा करून १८७६ साली ती उभी केली. हिंदी माणसांनी स्वतःच्या प्रयोगशाळेत मूळ संशोधन करावे, हा हेतू. व्याख्याने झाली, उपकरणे आली, पण झोकून देऊन संशोधन करणारा माणूस काही मिळाला नाही. सरकार १९०४ साली वारले. त्यानंतर तीन वर्षांनी पाटी वाचून एक अठरा वर्षांचा हिशेबनीस आत शिरला.

पुढली दहा वर्षे रामन यांनी दोन नोकऱ्या केल्या म्हणायला हरकत नाही. पहाटे साडेपाचला असोसिएशनमध्ये, मग घरी येऊन घाईने जेवण, दिवसभर सरकारी कचेरीत हिशेब, संध्याकाळी पुन्हा असोसिएशन, ते रात्री साडेनऊ-दहापर्यंत. मधल्या काळात रंगून आणि नागपूरला बदल्या झाल्या. १९१० च्या सुमाराला काही महिने हा गृहस्थ नागपूरच्या कचेरीत फायली पाहत होता. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परतले. १९१७ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना विद्यापीठातल्या पालित अध्यासनावर बोलावले, तेव्हा रामन यांनी भरभक्कम पगाराची सरकारी नोकरी सोडली. नव्या जागी पगार जवळपास निम्माच होता. या जागेसाठी परदेशात प्रशिक्षण घेण्याची अट होती. रामन यांनी ती साफ नाकारली. शेवटी विद्यापीठानेच अट बाजूला ठेवली.

याच काळातला त्यांचा तबला-मृदंगाचा अभ्यास आपल्याकडच्या वाचकाला जवळचा वाटेल. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जमत नाहीत, म्हणून त्यातून आवाज निघतो पण सूर निघत नाही. तबल्याच्या मधोमध जी काळी शाई चढवतात, तिच्या वजनामुळे हे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा हिशेबात येऊन बसतात, हे रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. कोणतीही वस्तू हलली की ती आपल्या ठरावीक स्वरांतच हलते, आणि ते स्वर ऐकता आले तर वस्तूची घडण कळते, ही समज त्यांच्या हाडीमासी मुरली होती. पुढे त्यांनी रेणूंचे जे केले, ते याच जातीचे काम आहे.

१९२१ साली ऑक्सफर्डला विद्यापीठांची परिषद भरली, तिला रामन गेले. सिव्हिल सर्जनच्या भाकितानंतर सतरा-एक वर्षांनी ते पहिल्यांदा इंग्लंडला पोचले आणि धडधाकट परतले. परतीच्या प्रवासात नारकुंडा जहाजाच्या डेकवरून त्यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली. लॉर्ड रॅली यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचे मत होते की समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा. रामन यांच्याजवळ एक निकोल प्रिझम होते. त्यातून विशिष्ट कोनात पाहिले की पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश अडवता येतो. तो अडवला तरी पाणी निळेच राहिले, उलट जास्तच गडद दिसले. म्हणजे पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात. जहाज मुंबई बंदरात लागले, तेव्हा नेचर नियतकालिकासाठी लिहिलेले पत्र तयार होते. त्यावर तारीख २६ सप्टेंबर १९२१ आणि ठिकाण मुंबई बंदर असेच आहे.

पुढची सात वर्षे असोसिएशनमध्ये एकच ध्यास: द्रवातून प्रकाश विखुरताना नेमके काय होते? १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यात एक अंधूक, वेगळ्या रंगाची छटा दिसली होती. पाण्यातल्या भेसळीमुळे असेल म्हणून ते पुन्हापुन्हा शुद्ध करून पाहिले, छटा जाईना. मग एस. वेंकटेश्वरन आले. हे कलकत्त्याच्या सरकारी टेस्ट हाऊसमध्ये रसायनतज्ज्ञ, नोकरी सांभाळून फावल्या वेळात संशोधन करणारे. शुद्ध ग्लिसरीनमधून विखुरलेला सूर्यप्रकाश निळसर न दिसता हिरवट दिसतो, हे त्यांना आढळले. ग्लिसरीन हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचे आहे. वेंकटेश्वरन यांना पूर्ण वेळ देता येत नव्हता, म्हणून रामन यांनी के. एस. कृष्णन यांना हातातले काम सोडून याला जुंपले. सात इंची दुर्बिणीच्या भिंगाने गोळा केलेला सूर्यप्रकाश, एक जांभळी-निळी गाळणकाच, द्रवाची कुपी, पलीकडे हिरवट-पिवळी काच आणि प्रयोगकर्त्याचा डोळा, एवढीच सामग्री. पहिली काच फक्त निळे सोडते, दुसरी ते निळे अडवते. तेव्हा प्रकाशाचा रंग बदलला नसेल तर पलीकडे अंधारच हवा. पण तिथे अंधार नव्हता. त्यांनी साठेक द्रव तपासले, सगळ्यांत मंद पट्टा दिसत होता. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून पाहिल्यावर मूळ प्रकाशापासून काळ्या फटीने वेगळा पडलेला नवा पट्टा स्पष्ट झाला. दुसऱ्या दिवशी कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात बातमी होती. सगळ्या सामानाचा खर्च दोनशे रुपयांच्या घरात, असे सांगितले जाते.

काय घडते ते साध्या भाषेत असे. रेणूवर प्रकाशाचे कण आदळतात आणि बहुतेक सगळे रंग न बदलता उसळतात. कोटीमागे एखादाच कण असा असतो की तो आपल्या ऊर्जेचा थोडा वाटा रेणूला कंप पावण्यासाठी देऊन बसतो आणि स्वतः किंचित लालसर होऊन बाहेर पडतो. रेणूचे कंप त्याच्या घडणीवर ठरतात, म्हणून ही तूट प्रत्येक पदार्थाची वेगळी. त्या तुटींचा नकाशा मांडला की पदार्थाचा अंगठ्याचा ठसा हाती येतो. पदार्थ फोडायला नको, जाळायला नको, नुसता उजेड पाडायचा. जवळजवळ त्याच सुमारास मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना स्फटिकांत हेच दिसले होते. नोबेल मात्र १९३० साली एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन यांचे नाव त्यात असायला हवे होते, असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत, आणि मला त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी वाटत नाही. रामन यांचा आत्मविश्वास असा की पारितोषिक जाहीर होण्याआधी, जुलैतच, त्यांनी युरोपच्या जहाजाची तिकिटे काढून ठेवली होती.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले भारतीय संचालक झाले. जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था. इथले रामन तितके गोजिरे नाहीत. हट्टी, तापट, आपल्या विषयाला झुकते माप देणारे. वाद होऊन १९३७ साली संचालकपद सोडावे लागले, प्राध्यापक म्हणून मात्र १९४८ पर्यंत राहिले. आपल्याकडच्या वाचकांना त्या वर्षांतली एक गोष्ट ठाऊक असते: मुंबई विद्यापीठातून पहिल्या आलेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी आणि दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी, १९३३ साली तिथे प्रवेश मागायला गेल्या आणि केवळ बाई म्हणून रामन यांनी नकार दिला. कमलाबाई त्यांच्या कचेरीसमोर ठिय्या देऊन बसल्या. अखेर वर्षभर काम पाहून मग ठरवू, या बोलीवर त्यांना घेतले गेले. वर्षाने रामन यांना त्यांच्या कामाची योग्यता मान्य करावी लागली आणि मुलींना दार उघडले. या प्रसंगात रामन यांची बाजू घेता येत नाही, आणि चरित्रकारांनी ती घेऊ नये. कमलाबाईंनी पुढे दूध, नीरा, कडधान्ये यांच्या पोषणावर काम केले आणि उतारवयात मुंबईच्या ग्राहक चळवळीत राहून अन्नातल्या भेसळीविषयी लिहीत राहिल्या. ज्या संचालकाने दार लावले त्याच्या शोधातूनच आज भेसळ पकडण्याची साधने घडत आहेत.

बंगळूरला रामन यांनी पक्ष्यांची पिसे आणि शिंपलेही तपासले. दसऱ्याच्या सुमारास ज्याचे दर्शन शुभ मानतात त्या नीलपंखाच्या पिसात निळा रंग असा नसतोच. पिसातल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांच्या रचनेवर प्रकाश खेळतो आणि निळा दिसतो. शिंपल्याच्या इंद्रधनुषी झळाळीचेही तेच, तिथे पातळ थर असतात. पृष्ठभागाची घडण एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक असली की प्रकाश वेगळा वागतो, हे ते १९३४-३५ पासून पाहत होते. नॅनो हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता.

त्यांचा स्वतःचा परिणाम मात्र मागे पडत चालला होता. कारण सरळ आहे: कोटीत एक. त्या मंद प्रकाशाचा फोटो काढायचा तर पाऱ्याच्या दिव्यासमोर काचपट्टी तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस ठेवावी लागे. नमुना भरपूर आणि स्वच्छ हवा. त्यात काही चमकणारे मिसळलेले असले की त्या चमकेत सगळे बुडून जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर अवरक्त वर्णपटाची तयार यंत्रे आली आणि रसायनतज्ज्ञ तिकडे वळले. १९६० नंतर लेसर आला, तेव्हा जीव पुन्हा धरला. तरी रक्ताच्या थेंबातले विष शोधणे वगैरे कल्पनेतच होते.

रामन यांनी १९४८ मध्ये स्वतःची संशोधन संस्था काढली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. १९५४ ला भारतरत्न मिळाले. म्हातारपणी ते डोळा रंग कसा ओळखतो या विषयात शिरले, त्यावर १९६८ साली पुस्तक लिहिले. प्रस्थापित त्रिरंगी सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. वैद्यकाने त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही, आणि माझ्या मते योग्यच केले. ऑक्टोबर १९७० च्या अखेरीस ते प्रयोगशाळेत कोसळले. हृदयाचा विकार होता. थोडे सावरल्यावर त्यांनी इस्पितळात मरण्यास नकार दिला आणि आपल्या संस्थेतल्या झाडाफुलांत घरी परतले. २१ नोव्हेंबर १९७० च्या सकाळी ते गेले. संस्थेच्या आवारातच अग्नी दिला. तिथे समाधी नाही, एक झाड आहे.

त्यानंतर चार वर्षांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेन्ड्रा आणि मॅकक्विलन यांनी चांदीच्या पत्र्यावर पिरिडिन नावाचे रसायन बसवून त्याचा रामन वर्णपट घेतला. पत्र्यावर जास्त रेणू मावावेत म्हणून त्यांनी विजेचा प्रवाह उलटसुलट फिरवून तो खडबडीत केला होता. वर्णपट अपेक्षेहून कितीतरी ठळक आला. जागा वाढली म्हणून असे झाले, असा त्यांचा समज. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन ड्यून, तर इंग्लंडमध्ये आल्ब्रेख्ट आणि क्रायटन यांनी हिशेब मांडला. खडबडीतपणाने जागा फार तर दहा-वीस पट वाढेल, पण संकेत वाढला होता लाख ते दहा लाख पट. म्हणजे चांदी नुसती बसायला जागा देत नव्हती, ती प्रकाशच वाढवत होती. या तंत्राला पृष्ठवर्धित रामन विकिरण म्हणतात, प्रयोगशाळेच्या बोलीत सर्स.

चांदीच्या किंवा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणात मोकळे इलेक्ट्रॉन असतात. पसरट परात हलवली की पाणी जसे तालात हेलकावते, तसे हे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हेलकावतात. दोन कण अगदी शेजारी आले की त्यांच्यामधल्या एखाद-दोन नॅनोमीटरच्या फटीत हा हेलकावा प्रचंड चढतो. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून फटीची कल्पना यावी. त्या फटीत अडकलेल्या रेणूवर येणारा प्रकाशही वाढतो आणि त्याच्याकडून जाणाराही. त्यामुळे विद्युतक्षेत्र दहापट झाले तर संकेत दहा हजार पट होतो, तीसपट झाले तर आठ लाखांच्या वर. अट एकच: रेणू चांदीला अगदी चिकटून हवा. दोन-चार नॅनोमीटर दूर गेला की सगळी जादू संपली.

असे पृष्ठभाग बनवण्याचा नेमका मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने सिलिकॉनवर नक्षी कोरायची आणि वर सोने चढवायचे. ते निर्धूळ खोल्यांत होते आणि महाग पडते. चाचणी करून फेकून द्यायच्या वस्तूला हा खर्च परवडत नाही. म्हणून गेली पंधरा-वीस वर्षे अनेक देशांतल्या संशोधकांचा रोख स्वस्त वाटांकडे आहे. सिल्व्हर नायट्रेटचे पाणी उकळून त्यात सोडियम सायट्रेट घालायचे आणि तासभर उकळत ठेवायचे. हेच सायट्रेट आम्ही रक्त गोठण्याच्या चाचणीच्या नळीत वापरतो. चांदीचे पन्नास-साठ नॅनोमीटरचे कण तयार होऊन पिवळसर-करडे गढूळ पाणी मिळते. ली आणि मायझेल यांनी १९८२ मध्ये दिलेली ही कृती आजही चालते. या पाण्यात साधा गाळणकागद बुडवून वाळवला, किंवा हेच पाणी शाईसारखे प्रिंटरमध्ये भरून कागदावर छापले, की पट्टी तयार. चांदीचा भाव कितीही चढला तरी एका पट्टीत ती इतकी कमी लागते की खर्च कागदाचाच धरावा. कोणी जुन्या डीव्हीडीच्या चऱ्यांवर चांदी चढवली, कोणी सॅंडपेपरवर, कोणी फुलपाखराच्या नाहीतर रातकिड्यासारख्या सिकाडाच्या पंखावर. निसर्गाने फुकट दिलेली नक्षी वापरायची, एवढाच हिशेब. नीलपंखाचे पीस हाती धरून बसलेल्या रामन यांना ही युक्ती आवडली असती, असे मला वाटते.

कागदाचा आणखी एक फायदा आहे. तो वाकतो. सफरचंदाच्या किंवा द्राक्षाच्या सालीवर चोळला की वरचे कीटकनाशक त्यावर येते आणि तिथेच लेसर टाकून ओळखता येते. थायरम हे बुरशीनाशक, पॅराक्वाट हे तणनाशक, दुधातले मेलामाइन यांचे प्रयोगशाळेतले निकाल चांगले आहेत. मेलामाइनने २००८ साली चीनमध्ये सहा बालकांचा बळी घेतला आणि सुमारे तीन लाख मुले आजारी पडली.

विष हा आमच्या वॉर्डातला रोजचा विषय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर दगावले. सरकारी रुग्णालयात रात्री रुग्ण येतो तेव्हा नातेवाइकांच्या हातात कधी बाटली असते, कधी नसते, कधी लेबल फाटलेले असते, तर कधी एकाच पंपात तीन औषधे एकत्र केलेली असतात. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली आहे, लाळ गळते आहे, घाम फुटला आहे, तर ऑर्गनोफॉस्फरस धरून ॲट्रोपिन सुरू करता येते. पण पॅराक्वाट असेल तर त्याला खात्रीचा उतारा नाही, आणि सवयीने भरपूर प्राणवायू लावला तर फुप्फुसाची हानी वाढू शकते. पॅराक्वाटसाठी लघवीत डायथायोनाइट घालून निळा रंग पाहण्याची स्वस्त चाचणी आहे. ती प्रत्येक ठिकाणी करायला हवी, नव्या तंत्राची वाट पाहायची गरज नाही. बाकी बहुतेक विषांसाठी मात्र तासाभरात नाव सांगणारे काही हाताशी नसते. नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येतो तेव्हा तो उपचारासाठी नव्हे, फाइलसाठी उपयोगी असतो.

ग्लिसरीनकडेही यायचे होते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. त्यातून लेंटिन आयोग नेमला गेला. २०२२ मध्ये गांबियात खोकल्याच्या औषधातून हेच विष बालकांच्या पोटात गेले. दोन्ही द्रव रंगहीन, गोडसर, दाट. डोळ्यांना फरक कळत नाही, रामन वर्णपटात कळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या संशोधकांनी हातात धरायच्या रामन यंत्राने ही भेसळ ओळखता येते, हे दाखवून दिले आहे. पिंपभर द्रव समोर असेल तर त्याला चांदीही लागत नाही, साधा रामन पुरतो. चांदी लागते ती रक्तातल्या किंवा दुधातल्या कणभर पदार्थासाठी.

आता अडचणी, कारण त्या सांगितल्याशिवाय अशा बातम्या वाचकांपुढे ठेवू नयेत. रक्तातली प्रथिने चांदीवर आधी जाऊन चिकटतात आणि विषाला जागाच उरत नाही. त्यासाठी आधी गाळणे आले, आणि हे काम काही अंशी कागदच करतो. दुसरे, कण कागदावर सारखे पसरत नाहीत. फटी कुठे जास्त, कुठे कमी, म्हणून एकाच पट्टीवर दोन जागी दोन आकडे येतात. विष कोणते, या प्रश्नाला हे चालेल. किती, या प्रश्नाला चालणार नाही, आणि पॅरासिटामॉलसारख्या विषबाधेत किती यावरच उपचार ठरतो. तिसरे, पट्टी स्वस्त झाली तरी तिच्यावर लेसर टाकून वर्णपट वाचणारे यंत्र अजून लाखांत जाते. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात विष मिसळून मिळवलेला निकाल आणि उलटी झालेल्या रुग्णाच्या रक्तातला निकाल यांत फार अंतर असते. रुग्णांवर पारखलेले आकडे येईपर्यंत मी अशा पट्टीवर उपचार ठरवणार नाही.

आणि चौथी अडचण आपल्या घरातलीच. दिवाळीआधी निरांजने आणि ताम्हण घासायला काढतो, कारण हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. पन्नास नॅनोमीटरच्या कणाला काळे पडायला वेळ लागत नाही. नायट्रोजन भरलेल्या पाकिटात ठेवणे, वर अतिपातळ लेप देणे, किंवा पट्टी ऐनवेळी बुडवून वापरणे असे उपाय चालू आहेत. सोने काळे पडत नाही, पण मग ती पट्टी स्वस्त राहत नाही. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात अख्खा पावसाळा काढून ही पट्टी ऑक्टोबरात काय दाखवते, हे तपासणे बाकी आहे.